नियंत्रित मोचन, वनस्पतिजन्य तेलांचे

वनस्पतींपासून मिळणारे तेल एखाद्या जैव विघटनशील (सूक्ष्मजंतू, कवके, एंझाइमे किंवा शरीरातील द्रव यांच्या क्रियेने साध्या पदार्थांत रूपांतरित होणाऱ्या) बहुवारिकात भरून ते इष्ट त्वरेने व इष्ट कालावधीपर्यंत बाहेर पडेल, अशी योजना करण्याच्या तंत्राला वनस्पतिजन्य तेलांचे नियंत्रित मोचन म्हणतात. बहुवारिक म्हणजे अनेक लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन बनलेले प्रचंड रेणूंचे संयुग होय. मोचन म्हणजे साठवलेला पदार्थ आधारकातून बाहेर सोडला जाणे. खाद्यपदार्थांचे परिरक्षण, पीकसंरक्षण, मधमाश्यांच्या रोगांचे नियंत्रण, कीटकप्रतिवारण आणि औषधयोजना या क्षेत्रांत या तंत्राचा उपयोग होतो किंवा होण्यासारखा आहे.

निसर्गात हीच योजना पूर्वापार आढळते. लवंगेतील तेल (वजनाच्या सु. १५ ते २० टक्के) तिच्या ऊतकातील सूक्ष्म तैलग्रंथींत बंदिस्त असते. ग्रंथींभोवतीच्या भित्ती सेल्युलोजाच्या, म्हणजे एका जैव विघटनशील बहुवारिकाच्या असतात. म्हणूनच अख्खी लवंग दीर्घकाळ आपला वास व तिखटपणा टिकवून धरते, तर तिची पूड केल्यास तो थोड्याच काळात नाहीसा होतो. संत्र्याची साल, ओवा, वेलदोडा यांच्या बाबतीतही असेच घडते. तेलाचा गुण जसा त्याच्या रासायनिक संघटनावर, तसाच ते ज्या भित्तीआड असते तिच्यावर अवलंबून असतो. हे तंत्र म्हणजे तेल गाळून काढताना मोडलेली ती भित्ती पुन्हा बांधण्याचा प्रयत्न होय. मात्र नव्या भित्तीत तेल निष्क्रिय राहत नाही. ते तिला मऊ करते, तिच्यातून निसटते व कधीकधी तिचे विघटनही लांबवते. या परस्परक्रियेतच या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ आहे.

ऐतिहासिक आढावा : तेलाचे थेंब बहुवारिकाच्या कवचात बंदिस्त करण्याची रीत औषधांपेक्षा कागदाच्या व्यवसायात आधी रुजली. एच. जी. बुंगेनबर्ग द याँग व एच. आर. क्रॉइट या डच शास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये कलिल विद्रावातून बहुवारिकसमृद्ध द्रव वेगळा होण्याच्या आविष्काराला कोॲसर्व्हेशन हे नाव दिले. त्याचाच उपयोग करून अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने १९५० नंतरच्या दशकात कार्बनविरहित नक्कल-कागद बाजारात आणला. त्यात रंगजनक द्रव्य विरघळलेल्या तेलाचे थेंब जिलेटीन व अरबी डिंक यांच्या कवचात असत आणि लेखणीच्या दाबाने ते फुटत. म्हणजे येथे मोचन एकाच क्षणी होई.

मोचन हळूहळू घडवून आणण्याच्या विचारास औषधनिर्मितीत चालना मिळाली. ताकेरू हिगुची यांनी १९६१ मध्ये मलमाच्या आधारकातून औषध बाहेर पडण्याच्या त्वरेचे समीकरण मांडले. जूडा फोकमन व डेव्हिड लाँग यांनी १९६४ मध्ये सिलिकोन रबराच्या नळीतून औषध दीर्घकाळ झिरपू शकते, हे दाखविले. रॉबर्ट लँगर व फोकमन यांनी १९७६ मध्ये प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंचेही बहुवारिकातून प्रदीर्घ मोचन होते, असे सिद्ध केले. दरम्यान १९७० च्या सुमारास शरीरात आपोआप विरघळणारे पॉलिग्लायकॉलिक अम्लाचे शस्त्रक्रियेचे टाके प्रचारात आले होते. या दोन्ही धारांचा संगम होऊन १९८९ मध्ये अमेरिकेत ल्युप्रोलाइड हे हॉर्मोनसदृश औषध लॅक्टिक व ग्लायकॉलिक अम्लांच्या सहबहुवारिकाच्या सूक्ष्मगोलांत भरून महिन्यातून एकदा टोचण्यास मान्यता मिळाली.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी स्टार्च व यूरिया-फॉर्माल्डिहाइड यांच्या आधारकातून कार्बोफ्युरान या कीटकनाशकाच्या मोचनाचा अभ्यास झाला. हे द्रव्य तेल नव्हते व आधारकही पूर्णतः जैव विघटनशील नव्हता, परंतु स्टार्चासारख्या स्वस्त व सर्वत्र उपलब्ध द्रव्याने शेतीतील मोचनावर ताबा ठेवता येतो, हे त्यावरून दिसून आले. वनस्पतिजन्य तेलांवरील बहुतेक संशोधन मात्र २००० नंतरचे आहे.

तेलांचे गुणधर्म : या तंत्राच्या दृष्टीने तेलांचे दोन वर्ग पडतात. करडई, जवस, निंब (कडुनिंब), करंज इत्यादींची स्थिर तेले ही वसाम्लांची ग्लिसराइडे असून ती सामान्य तापमानास उडून जात नाहीत व पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. त्यामुळे ती आधारकातून आपोआप फारशी बाहेर पडत नाहीत. आधारक झिजला, फुगला किंवा तेल एखाद्या मेदयुक्त पृष्ठाच्या सान्निध्यात आले, तरच त्यांचे मोचन होते. लवंग, ओवा, निलगिरी, पुदिना, सिट्रोनेला इत्यादींची बाष्पनशील तेले ही टर्पिने, फिनॉले, आल्डिहाइडे, कीटोने यांची मिश्रणे होत. त्यांचा क्रियाशील गुण प्रभावी असला, तरी तो अल्पजीवी असतो. ती उडून जातात, प्रकाश व ऑक्सिजन यांमुळे बिघडतात आणि काही घटक पाण्याबरोबर धुपून जातात.

घटकाघटकांतील फरक येथे महत्त्वाचा आहे. सामान्य तापमानाला १ लि. पाण्यात थायमॉल सु. १ ग्रॅ., लवंगेच्या तेलातील यूजेनॉल सु. २.५ ग्रॅ., तर संत्र्याच्या सालीतील लिमोनीन केवळ सु. १४ मिग्रॅ. विरघळते. लिमोनीन १७६° से. ला, तर यूजेनॉल २५४° से. ला उकळते. म्हणून एकाच तेलातील घटक एकाच आधारकातून एकाच त्वरेने बाहेर पडत नाहीत. बाहेर येणाऱ्या मिश्रणाचे संघटन दिवसागणिक बदलत जाते. लिमोनिनाचे हवेत ऑक्सिडीभवन होऊन हायड्रोपेरॉक्साइडे बनतात व ती मूळ लिमोनिनापेक्षा त्वचेला अधिक अधिहर्षताजनक असतात. तेव्हा तेल बंदिस्त ठेवण्याचा हेतू केवळ ते टिकविणे हा नसून बिघडलेल्या तेलापासून होणारा अपाय टाळणे हाही असतो.

निंबतेल व निंबाच्या बियांचा अर्क यांतील कीटकरोधक घटक ॲझाडिरॅक्टीन हा १९६८ मध्ये वेगळा करण्यात आला. त्याची रेणवीय संरचना १९८५ मध्ये निश्चित झाली आणि केंब्रिज येथे स्टीव्हन ले व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्याचे संपूर्ण संश्लेषण केले. इतका गुंतागुंतीचा हा रेणू उघड्या पानावर सूर्यप्रकाशात मात्र काही दिवसांतच निकामी होतो. त्यामुळे फवारणी वारंवार करावी लागते. गुणकारी पण अल्पजीवी अशा या द्रव्याला संरक्षक आधारक मिळाल्यास शेतकऱ्याची एखादी फवारणी वाचू शकते, हा या संशोधनामागील व्यावहारिक हेतू आहे. [⟶ तेले, बाष्पनशील, निंब].

आधारक बहुवारिके : आधारकांचे नैसर्गिक व संश्लेषित असे दोन गट करतात. नैसर्गिक गटात स्टार्च, सेल्युलोज, जिलेटीन, मक्यातील झाइन हे प्रथिन, समुद्रशैवलांपासून मिळणारे अल्जिनेट आणि कोळंबी व खेकडे यांच्या कवचांतील काइटिनापासून बनविलेले काइटोसान हे प्रमुख होत. काइटोसान सौम्य ॲसिटिक अम्लात विरघळते व त्याच्या रेणूवर धन विद्युत् भार असतो. ते स्वतःच काही प्रमाणात कवकरोधक असल्याने तेलाला पूरक ठरते. किण्वाच्या (यीस्टच्या) कोशिकांतील द्रव्य काढून टाकल्यावर उरणाऱ्या ग्लुकानाच्या पोकळ भित्तींचाही तयार संपुट म्हणून उपयोग होतो. हे सर्व आधारक स्वस्त व सहज विघटनशील असले, तरी त्यांतील बहुतेक जलस्नेही असल्यामुळे दमट हवेत फुगतात.

संश्लेषित किंवा सूक्ष्मजंतूंकडून बनवून घेतलेल्या गटात पॉलिएस्टरे मोडतात. पॉलिलॅक्टिक अम्ल हे साखर व स्टार्च यांच्या किण्वनाने मिळणाऱ्या लॅक्टिक अम्लापासून बनवितात. त्याचे काचसंक्रमण तापमान (ज्याच्या खाली बहुवारिक काचेसारखे कठीण व वर मऊ असते ते तापमान) ५५–६०° से. आहे. पॉलिकॅप्रोलॅक्टोनाचे हे तापमान सु. –६०° से. असून ते सु. ६०° से. ला वितळते. म्हणजे ते सामान्य तापमानाला नेहमीच मऊ असते. पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट हे सूक्ष्मजंतू आपल्या कोशिकांत अन्नसाठा म्हणून साठवितात. मॉरिस लमॉन्य या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९२६ च्या सुमारास त्याचा शोध लावला.

शरीरात लॅक्टिक व ग्लायकॉलिक अम्लांचे समप्रमाण सहबहुवारिक एक ते दोन महिन्यांत, पॉलिलॅक्टिक अम्ल बहुधा एक वर्षाहून अधिक काळात, तर पॉलिकॅप्रोलॅक्टोन दोन ते तीन वर्षांत नाहीसे होते. आधारकाची निवड करताना हे अंक प्रथम पाहावे लागतात. [⟶ काइटिन, प्लॅस्टिके व उच्च बहुवारिके].

तेल भरण्याच्या पद्धती : (१) पायस व विद्रावक-बाष्पीभवन : पॉलिलॅक्टिक अम्ल व तेल डायक्लोरोमिथेन किंवा एथिल ॲसिटेट यांत एकत्र विरघळवून हा विद्राव पृष्ठक्रियाकारक असलेल्या पाण्यात जोराने घुसळतात. बनलेल्या पायसातील विद्रावक उडून गेल्यावर तेलयुक्त सूक्ष्मगोल उरतात. येथे दोन मार्गांनी तेल गमावले जाते. विद्रावक काढण्यासाठी निर्वात लावल्यास त्याबरोबर तेलही उडते आणि पाण्यात अंशतः विरघळणारे घटक बाहेरच्या पाण्यात निघून जातात. १०० मिलि. पाणी ०.१ ग्रॅ. थायमॉल सामावून घेऊ शकते. अर्थात पाव ग्रॅम थायमॉल घेऊन केलेल्या प्रयोगात याच मार्गाने मोठा तोटा संभवतो. पाण्याचे प्रमाण कमी ठेवणे किंवा ते आधीच थायमॉलाने संतृप्त करणे हे त्यावरील उपाय होत.

(२) आयनी जेलीकरण : काइटोसानाच्या अम्लीय विद्रावात तेलाचे पायस करून त्यात ट्रायपॉलिफॉस्फेट मिसळल्यास विरुद्ध विद्युत् भारांच्या आकर्षणाने सूक्ष्मकण बनतात. काइटोसानाचे अब्जांश मीटर मापाचे कण या रीतीने स्पेनमध्ये १९९७ मध्ये बनविण्यात आले. अल्जिनेटाचा विद्राव कॅल्शियम क्लोराइडाच्या विद्रावात थेंबाथेंबाने सोडल्यास साबुदाण्यासारखे मणी मिळतात. ही क्रिया थंड व सौम्य असल्यामुळे बाष्पनशील तेलांना मानवते. मात्र अल्जिनेटाची जेली सच्छिद्र असल्याने मण्यांवर काइटोसानाचा थर देणे हितावह असते.

(३) कोॲसर्व्हेशन : पीएच मूल्य सु. ४ केल्यावर जिलेटिनावर धन व अरबी डिंकावर ऋण विद्युत् भार असतो. ही दोन्ही एकत्र येऊन तेलाच्या थेंबांभोवती कवच बनवितात. कवच कठीण करण्यासाठी पूर्वी ग्लुटाराल्डिहाइड वापरीत. ते विषारी असल्याने खाद्योपयोगी संपुटांसाठी टॅनिने किंवा ट्रान्सग्लुटामिनेज हे एंझाइम पसंत करतात.

(४) फवारा-शुष्कन : अरबी डिंक किंवा रूपांतरित स्टार्च यांच्या विद्रावातील तेलाचे पायस १५०–२००° से. च्या उष्ण हवेत फवारतात. तापमान एवढे असूनही तेल बरेचसे टिकते, कारण पाण्याच्या बाष्पीभवनाने थेंब थंड राहतो व त्यावर क्षणार्धात साय धरते. ही साय पाणी जाऊ देते परंतु तेलाच्या मोठ्या रेणूंना अडविते. स्वाद-उद्योगात हीच पद्धत सर्वांत अधिक रूढ आहे.

(५) वितळवून मिसळणे व अन्य पद्धती : पिशव्या व पत्रे बनविण्याच्या यंत्रात पॉलिलॅक्टिक अम्ल १६०–१९०° से. पर्यंत तापवितात. त्यामुळे बाष्पनशील तेलाचा मोठा भाग वाया जातो. यावर तोड म्हणून अतिक्रांतिक अवस्थेतील कार्बन डाय-ऑक्साइडाचा उपयोग करतात. ३१° से. च्या वर व सु. ७३.८ बार दाबाच्या पलीकडे हा वायू द्रवाप्रमाणे तेल विरघळवितो व वायूप्रमाणे बहुवारिकात शिरून ते फुगवितो. दाब काढला की वायू निघून जातो व तेल मागे राहते. यात विद्रावकाचा अवशेष राहत नाही, पण उच्च दाबाच्या उपकरणांचा खर्च मोठा असतो. उच्च विद्युत् दाबाने विद्राव ताणून बनविलेले अतिसूक्ष्म धागे जखमेवरील पट्ट्यांसाठी अभ्यासले गेले आहेत.

भरणाचे मापन : दोन राशी नेहमी स्वतंत्रपणे द्याव्या लागतात. तयार मालाच्या वजनातील तेलाच्या शेकडा प्रमाणाला भरणप्रमाण आणि घेतलेल्या तेलापैकी मालात राहिलेल्या तेलाच्या शेकडा प्रमाणाला भरण-कार्यक्षमता म्हणतात. समजा, १०० मिग्रॅ. बहुवारिक व २५ मिग्रॅ. तेल घेऊन ११० मिग्रॅ. माल मिळाला व त्यात १५ मिग्रॅ. तेल आढळले, तर भरणप्रमाण सु. १३.६ टक्के व कार्यक्षमता ६० टक्के होते. तेलाचे प्रमाण वाढविल्यास पहिली राशी वाढते, परंतु दुसरी बहुधा घटते. यांपैकी केवळ सोयीचा आकडा दिल्यास मालाविषयी चुकीचा ग्रह होतो. तेल मिश्रण असल्यामुळे केवळ त्याचे वजन पुरेसे नसते. मालातून पुन्हा काढलेल्या तेलाचे वायु-वर्णलेखनाने विश्लेषण करून त्याचे संघटन मूळ तेलाशी ताडून पाहणे आवश्यक असते. हलके टर्पीन घटक उडून गेल्याने आत राहिलेले तेल पुष्कळदा मूळ तेलाहून वेगळे असते.

मोचनाची यंत्रणा : तेल तीन मार्गांनी बाहेर पडते. विसरण (रेणूंचे अधिक संहतीकडून कमी संहतीकडे सरकणे), आधारकाचे फुगणे व आधारकाची झीज हे ते मार्ग होत. प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळलेले असतात.

केवळ विसरण होत असेल व तेल संबंध आधारकभर पसरलेले असेल, तर बाहेर आलेली एकूण राशी प्रारंभीच्या काळात वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. हेच हिगुची यांच्या समीकरणाचे तात्पर्य होय. उदा., पहिल्या दिवसाअखेर १० मिग्रॅ. तेल बाहेर आले, तर एकूण २० मिग्रॅ. होण्यास चार व ३० मिग्रॅ. होण्यास नऊ दिवस लागतात. म्हणजे मोचनाची त्वरा सतत घटत जाते. याउलट तेलाचा साठा मध्ये व त्याभोवती एकसारखे कवच अशी रचना असेल, तर साठा संपेपर्यंत त्वरा जवळजवळ स्थिर राहते.

कणाचे आकारमान हा दुसरा निर्णायक घटक होय. विसरणाला लागणारा काळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्रिज्या दसपट केल्यास काळ शंभरपट होतो. म्हणून अतिसूक्ष्म कण पानाला अधिक चांगले चिकटत असले, तरी ते तेल फार काळ धरून ठेवतील ही अपेक्षा पुष्कळदा फोल ठरते. कणांच्या पृष्ठालगतचे तेल पहिल्या काही तासांतच निघून जाते. या प्रारंभिक उद्रेकात कधीकधी निम्म्याहून अधिक तेल खर्ची पडते.

पॉलिलॅक्टिक अम्लात पाणी शिरून त्याच्या साखळ्यांचे जलीय विच्छेदन (पाण्याच्या क्रियेने रेणूचे तुकडे होणे) सर्व भागांत एकाच वेळी सुरू होते. झिजेतून अम्ल निर्माण होते व जाड तुकड्याच्या गाभ्यात ते अडकून विच्छेदनास उत्प्रेरक ठरते. त्यामुळे मोठा तुकडा बाहेरून शाबूत दिसत असता आतून आधी पोकळ होऊ शकतो आणि उरलेले तेल एकाएकी बाहेर पडते.

बाष्पनशील तेलांबाबत एक विशेष असा की, ती हवेतही मुक्त होतात. अशा वेळी मोचन घटकाचा बाष्पदाब, तापमान व हवेची आर्द्रता यांवर अवलंबून असते. स्टार्च, काइटोसान वा झाइन यांचा पापुद्रा कोरड्या हवेत तेल घट्ट धरतो व दमट हवेत मोकळा सोडतो. फळाभोवतीच्या वेष्टनात आर्द्रता वाढते, त्याच वेळी कवकांची वाढही जोर धरते. तेव्हा ज्या क्षणी गरज त्याच क्षणी मोचन, असा लाभ येथे आयताच मिळतो. मात्र माल दमट गोदामात पडून राहिल्यास हाच गुण दोष ठरतो.

तेलाचा बहुवारिकावर परिणाम : तेलाचे लहान रेणू बहुवारिकाच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकांवरून सरकण्यास मोकळीक देतात, म्हणजेच तेल प्लॅस्टिकीकारकाचे काम करते. पॉलिलॅक्टिक अम्लात टर्पीनयुक्त तेल पुरेसे मिसळल्यास काचसंक्रमण तापमान पुष्कळ खाली येते. पापुद्रा ठिसूळ न राहता लवचिक होतो, हा फायदा आहे. पण मऊ झालेल्या बहुवारिकातून विसरणही वेगाने होते. जितके तेल अधिक भरावे, तितके ते टिकण्याची शक्यता कमी, असा पेच निर्माण होतो. तेल निघून गेल्यावर बहुवारिक पुन्हा कठीण होत जाते व मोचन मंदावते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यातील कमाल तापमान ४०° से. हून अधिक असते. तेथील गोदामांसाठी असा माल बनविताना तेलयुक्त बहुवारिकाचे काचसंक्रमण तापमान साठवणीच्या तापमानाखाली जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. समशीतोष्ण देशांत मिळालेले टिकाऊपणाचे आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

उपयोग : खाद्यपदार्थांच्या वेष्टनात लवंग, ओवा, थाइम इत्यादींच्या तेलांचे बाष्प कवके व सूक्ष्मजंतू यांना आळा घालते. बाष्पामुळे वेष्टनाचा पदार्थाशी प्रत्यक्ष स्पर्श आवश्यक राहत नाही. आंब्यावर करपा पाडणाऱ्या कोलेटोट्रिकम कवकाविरुद्ध काइटोसान व बाष्पनशील तेल यांचे लेप प्रयोगांत गुणकारी ठरले आहेत. तथापि कवकाला पुरेशी ठरणारी मात्रा जिभेला कित्येकदा असह्य होते. या मर्यादेमुळे पुष्कळसे लेप प्रयोगशाळेबाहेर आलेले नाहीत.

पीकसंरक्षणात यूजेनॉल, जिरॅनिऑल व थायमॉल यांना युरोपीय संघाने २०१३ मध्ये मान्यता दिली. ही तीन द्रव्ये किण्वाच्या पोकळ कोशिकाभित्तींत भरून द्राक्षांवरील बॉट्रिटिस या कवकाविरुद्ध वापरतात. कोरड्या पानावर संपुट मिटलेले राहते व दव किंवा पाऊस पडून पृष्ठ ओले झाल्यावर तेल मोकळे होते. प्रयोगशाळेतून प्रत्यक्ष मळ्यात पोहोचलेल्या थोड्या उदाहरणांपैकी हे एक आहे.

युरोपीय मधमाशीच्या पोळ्यातील व्हॅरोआ या अष्टपाद परजीवीविरुद्ध थायमॉल प्रभावी असते. ते जेलीतून किंवा सेल्युलोजाच्या स्पंजासारख्या पट्टीतून काही आठवडे हळूहळू उडत राहील अशी योजना करतात. येथे मात्रेचा समतोल नाजूक असतो. हवा थंड असल्यास बाष्प अपुरे पडते व ती फार उष्ण झाल्यास मधमाश्यांनाच उपद्रव होतो. म्हणून उपचारासाठी ऋतू पाहावा लागतो.

डासप्रतिवारणात मोचन अनिर्बंध असल्यास काय होते, हे सिट्रोनेला तेलावरून दिसते. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक परीक्षणात या तेलाच्या उत्पादनांचे संरक्षण २० मिनिटांहून अधिक टिकले नाही, तर २३.८ टक्के डीट (एक संश्लेषित प्रतिवारक) असलेले उत्पादन सु. पाच तास उपयोगी पडले. तेलाच्या अंगी प्रतिवारणाचा गुण असला, तरी तो त्वचेवर टिकत नाही. जिलेटीन-डिंक संपुटे व मेदकण यांद्वारे हा काळ वाढविण्याचे प्रयत्न चालू आहेत.

औषधयोजनेत हिरड्यांच्या विकारांसाठी व जखमांसाठी तेलयुक्त पापुद्र्यांचे आणि धाग्यांच्या पट्ट्यांचे प्रयोग झाले आहेत. त्यांतील बहुसंख्य अद्याप प्राथमिक अवस्थेत आहेत.

भारतातील निंबलेपित यूरिया हे याच्याशी निकटचे, परंतु वेगळे उदाहरण होय. देशात उत्पादित सर्व अनुदानित यूरियावर निंबतेलाचा लेप देणे २०१५ मध्ये अनिवार्य करण्यात आले. येथे बहुवारिक नसते. यूरियापासून बनलेल्या अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजंतूंना निंबतेल मंदावते व खताचा अपव्यय कमी करते. कोणत्याही महागड्या संपुटाविना तेलाचा गुण जेथे पुरेसा ठरतो, तेथे साधा लेपच श्रेयस्कर, हे त्यावरून ध्यानात येते.

विघटन व मर्यादा : तेल संपल्यानंतर आधारकाचे काय होते, हा प्रश्न अलीकडे अधिक महत्त्वाचा झाला आहे. कपडे मऊ करणाऱ्या द्रवांतील सुगंधी संपुटे बहुधा मेलामाइन-फॉर्माल्डिहाइडासारख्या न कुजणाऱ्या बहुवारिकांची असून धुण्याच्या पाण्याबरोबर ती नद्यांत जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये हेतुपुरस्सर मिसळलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिककणांवर निर्बंध घातले. सुगंधी संपुटांना त्यासाठी ऑक्टोबर २०२९ पर्यंत मुदत देण्यात आली असून विहित कसोट्यांना उतरणारी जैव विघटनशील बहुवारिके निर्बंधातून वगळली आहेत. त्यामुळे अशा आधारकांच्या शोधास आर्थिक निकडही प्राप्त झाली आहे.

तथापि जैव विघटनशीलता हा केवळ द्रव्याचा नव्हे, तर द्रव्य व परिस्थिती या दोहोंचा मिळून गुण आहे. पॉलिलॅक्टिक अम्ल सु. ५८° से. ला चालणाऱ्या औद्योगिक कंपोस्टात काही महिन्यांत कुजते. युरोपीय मानकानुसार सहा महिन्यांत त्यातील ९० टक्के कार्बनाचे कार्बन डाय-ऑक्साइडात रूपांतर व्हावे लागते. तेच द्रव्य शेतातील मातीत किंवा समुद्रात वर्षानुवर्षे तसेच पडून राहू शकते. स्टार्च, काइटोसान व पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट यांचे मातीतील विघटन त्यापेक्षा बरेच सुलभ असते. यात भर म्हणजे आत राहिलेले जंतुनाशक तेल कुजविणाऱ्या सूक्ष्मजंतूंनाही रोखू शकते. म्हणून विघटनाची चाचणी कोऱ्या बहुवारिकावर न घेता तेलयुक्त मालावर व त्याच्या प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणच्या तापमानाला घेणे जरूर आहे.

तेल नैसर्गिक आहे म्हणून ते निरुपद्रवी असते, असे नाही. थायमॉल व यूजेनॉल अधिक मात्रेत कोवळी पाने करपवितात आणि काही व्यक्तींना लिमोनीन, लिनॅलूल इत्यादींची अधिहर्षता असते. शिवाय तेलाचे संघटन वनस्पतीची जात, जमीन, हंगाम व काढणीची वेळ यांनुसार बदलते, तर संपुटाची आखणी ठराविक संघटन गृहीत धरून केलेली असते. यावर उपाय म्हणून संपूर्ण तेलाऐवजी त्यातील शुद्ध घटक भरतात. त्यामुळे मोचन अधिक खात्रीचे होते, परंतु अनेक घटकांच्या संयुक्त क्रियेचा लाभ गमवावा लागतो.

कोणत्याही विशिष्ट उपयोगासाठी तेल बाहेर पडण्याचा काळ, त्याची गरज असण्याचा काळ व आधारक नाहीसा होण्याचा काळ या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. पहिला दुसऱ्यापेक्षा कमी पडल्यास उपचार वाया जातो आणि तिसरा फार लांबल्यास कचरा उरतो. प्रयोगशाळेतील बहुतेक मापने केवळ पहिल्या काळाची असतात. पीक, फळ किंवा जखम यांच्या संदर्भात उरलेल्या दोन काळांचे मापन होईल, तेव्हाच एखाद्या आधारकाच्या उपयुक्ततेविषयी निश्चित मत देता येते. [⟶ कलिल; पायस].